नळाजवळचा कोरू

कुंदाताई,

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि तुझे तीन डबे अजून माझ्याच ओट्यावर आहेत. धुऊन, पुसून, झाकणं लावून ठेवलेले. रोज सकाळी ठरवते, आज भाऊजींकडे नेऊन द्यायचे. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की त्यांच्याकडे बघते आणि गाडीच्या किल्ल्या खुंटीला अडकवते. थकलेय गं. रडून नव्हे, रडणं केव्हाच झालं. आल्यागेल्याला चहा करून, फोन घेऊन, नागपूरच्या तुझ्या वहिनीला तीच हकिगत पाच वेळा सांगून थकलेय. आमच्या ट्रॉयमध्ये अजून रस्त्याच्या कडेला बर्फावर टाकलेलं मीठ पडलंय आणि माझ्या गाडीची काच तशीच पांढरी आहे.

गेल्या रविवारी मंडळाच्या लोकांनी लायब्ररीच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी सभा घेतली. सगळे चांगलं बोलले. तू शांत स्वभावाची होतीस म्हणे. तू सुगरण होतीस म्हणे. तुझं वरण वाढल्यावर आमच्या घरातल्या माणसाने एकदा विचारलं होतं, "हे कालवायचं की प्यायचं?" आणि तू सहा महिने त्याच्याशी नीट बोलली नव्हतीस. पण माणूस गेला की त्याच्या स्वयंपाकाला आपोआप चव येते. मलाही उभं केलं. मी शाळेच्या भिंतीबद्दल बोलले. जे बोलले ते खरंच बोलले, फक्त त्यातली एक गोष्ट गाळली. ती मी तुलाही कधी सांगितली नाही. आता सांगायची म्हटली तर तू नाहीस. म्हणून हे लिहायला बसलेय.

तू मला पहिल्यांदा भेटलीस ती गाडीच्या काचेवर टकटक करून. इशाला किंडरगार्टनमध्ये सोडलं होतं आणि मी शाळेच्या पार्किंगमध्ये तशीच बसून राहिले होते. तेव्हा मी नवऱ्याच्या व्हिसावर होते, काम करायची परवानगी नव्हती आणि घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न रोज सकाळी पावणेनऊला पडायचा. मी काच खाली केली.

"काहून रडून राहिली?" तू विचारलंस. ओळख ना पाळख.

"रडत नाहीये. ॲलर्जी आहे."

"बरं. मग ॲलर्जी घेऊन आत ये. मले बटाटे कापाले माणूस पाहिजे."

मला वाटलं, कॅफेटेरियातलं काम असेल. तू मला कलेच्या वर्गात नेलंस. तिथे तू मदतनीस होतीस आणि मुलं तुला मिसेस के म्हणायची. त्या दिवशी मी दोन तास बटाटे अर्धे करून त्यांच्यावर नक्ष्या कोरत बसले आणि मुलांनी त्यांचे ठसे मारले. लहानपणी शाळेत आपणही हेच केलं होतं, भेंडीचे नि बटाट्याचे ठसे. हातांना बटाट्याचा वास घेऊन घरी आले आणि कितीतरी महिन्यांनी दुपारी गाढ झोपले. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर "हो का बाप्पा" म्हणून तू उडवून लावलं असतंस.

त्याच्या पुढच्या वसंतात भिंत आली. जिमपासून कॅफेटेरियापर्यंत जाणाऱ्या कॉरिडॉरची लांबलचक, सरकारी रंगाची भिंत. प्रिन्सिपॉलबाईंना तिथे चित्र हवं होतं, 'काहीतरी मल्टिकल्चरल'. मी मनातल्या मनात रांगोळी काढून मोकळीही झाले होते. मधे मोठं कमळ, चारी बाजूंनी वेल, ठिपक्यांची चौकट. तू म्हणालीस, "मुलांकडून माओरी आणि पॅसिफिकच्या बेटांवरच्या नक्ष्या करून घेऊ."

तुझ्या आयुष्याची मधली चौदा वर्षं न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची, हे मला ठाऊक होतं. भाऊजींच्या नोकरीमागे तू तिथे गेलीस आणि त्यांच्याच नोकरीमागे इथे आलीस. तिथल्या शाळेत मेरे नावाच्या माओरी बाई होत्या, त्या देशाच्या मूळ लोकांपैकी, त्यांच्या हाताखाली तू मुलांबरोबर अशी भिंत रंगवली होतीस. शेजारच्या सामोअन बायकांनी झाडाच्या सालीच्या कापडावरच्या नक्ष्या तुला शिकवल्या होत्या. पानं, समुद्रातले तारे, पक्ष्यांच्या पावलांच्या रांगा. हे सगळं तुझ्याकडे होतं, तरी तू भिंतीला हात लावेनास. मेरेबाईंना पत्र लिहिलंस आणि उत्तराची वाट बघत बसलीस. ईमेल कर म्हटलं तर म्हणालीस, हे ईमेलने विचारायचं नसतं. तीन आठवडे भिंत कोरी राहिली आणि प्रिन्सिपॉलबाई जाता-येता माझ्याकडे बघून गोड हसायला लागल्या.

"अगं, चित्रच काढायचंय ना? परवानगी कसली?" मी वैतागून म्हटलं.

"तुझ्या सासूची पैठणी तू न विचारता नेसशील काय?"

"सासूबाई न्यूझीलंडला नाहीयेत."

"म्हणूनच पत्र पाठवलं न."

उत्तर आलं. चेहऱ्यावर गोंदायच्या नक्ष्या मुळीच घ्यायच्या नाहीत, त्या ज्याच्या त्याच्या कुळाच्या असतात. सामोअन नक्ष्यांसाठी तुझ्या शेजारणींना वेगळं विचार, ते माझं नाही. कोरू घ्या, पण ब्रश हातात देण्याआधी मुलांना त्याचा अर्थ सांगा. तू शेजारणींनाही फोन करून विचारलंस. मग म्हणालीस, "चला, आता लागू कामाला."

कोरू म्हणजे नेच्याचा उलगडणारा कोंब. टोकाशी गुंडाळलेला, अजून पान न झालेला. तू शाळेमागच्या रानातून असा एक कोंब मुळासकट दह्याच्या रिकाम्या डब्यात लावून वर्गात आणलास आणि आठवडाभर मुलांना रोज दाखवलास. सहा वर्षांची बावीस मुलं त्या डब्याभोवती पोटावर पडून असायची. "इट्स नॉट फिनिश्ड," तू त्यांना सांगायचीस. "तो अजून वाढतोय. म्हणून इथे जागा उघडी ठेवायची. हे त्याचं दार." मी तिथेच होते, रंगांच्या डब्यांची झाकणं उघडत. मी ते कानांनी ऐकलं. हातांनी ऐकलं नाही.

आपलं भांडण मात्र चालूच होतं. ते सर्वांत जास्त रंगलं शिकागोला जाताना, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून तुला साड्या आणि मला कुरडया हव्या होत्या त्या वेळी. पाच तास गाडी तू चालवत होतीस आणि तोंड मी.

"या शाळेत माझी मुलगी आहे, तुझी शेजारीण नाही," मी म्हटलं. "इशाला तिचं काहीतरी भिंतीवर दिसायला नको? डब्यात पोळी नेली तर मुलं विचारतात, हे काय आहे म्हणून. आपली रांगोळी असती तर तिची मान ताठ झाली असती."

"आपली रांगोळी आपण आपल्या दारात काढतोच न."

"इथे आपल्याला दार कुठंय? अपार्टमेंटच्या कार्पेटवर काढू?"

तू पुढचा ट्रक ओलांडलास. मग म्हणालीस, "मी ऑकलंडला गेली तेव्हा मलाही कोणी ओळखत नव्हतं. मेरेने मला तिच्या भिंतीवर जागा दिली. तिची भिंत, तिच्या नक्ष्या, आणि ब्रश माझ्या हातात. आपलं मिरवणं सोपं असतं, माधे. दुसऱ्याचं नीट सांभाळून दाखव." मला ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. पुढच्या वेळी गाडीत बसलो की सांगू म्हणून मी मुद्दे जमवून ठेवले होते, ते तसेच राहिले.

मुलं काम करायची ती बापाचे जुने शर्ट उलटे घालून. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबायच्या. तांबड्या काठाची काळी पट्टी आपण दोघींनी मारली, तिच्यावर प्रत्येकाने एकेक पांढरा कोरू काढला. खाली मातकट रंगात बटाट्याचे ठसे आणि पक्ष्यांची पावलं. पावलं बघून मी म्हटलं, ही तर आपल्या लक्ष्मीची पावलं. तू म्हणालीस, "लक्ष्मीला दोन पाय आहेत, याला तीन बोटं आहेत. मोज." समोरचे दोन दात पडलेली हॅना आपल्या कोरूला बॉब म्हणायची आणि सकाळी येऊन त्याला हॅलो करायची. कोणाचा कोरू जाड, कोणाचा गोगलगायीसारखा. इशाचा तर भलत्याच दिशेला वळलेला. तू एकालाही सुधारलं नाहीस.

मंगळवारी पालकांसाठी ओपन हाउस होतं. त्याच्या आदल्या शनिवारी जिममध्ये बास्केटबॉल होतं म्हणून शाळा उघडी होती. मी गेले. तुला न सांगता.

माझ्या आईचा हात रांगोळीचा. ठिपक्यावरून निघालेली रेघ फिरून निघाल्या जागी आली पाहिजे, हे मी चार वर्षांची असल्यापासून ऐकलेलं. "उघडी रेघ टाकून उठायचं नाही," आई म्हणायची, "घरातलं बाहेर जातं." आणि समोर ते बावीस कोरू, सगळ्यांची तोंडं उघडी, एक इकडे, एक तिकडे. मी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला. पहिल्याचं तोंड रेघेने बंद केलं तेव्हा वाटलं, इशाचा तेवढा नीट करू. मग दुसरा. मग एकाचं टोक दुसऱ्याच्या देठाला जुळवलं आणि हात थांबेनाच. दीड तासात मी सगळी पट्टी जोडून टाकली. सुरेख वेल झाली. मागे सरकून बघितलं आणि मला फार बरं वाटलं. सवयीने हात वळला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. मला माझी रांगोळी त्या भिंतीवर हवी होती आणि ती मी काढून घेतली, मुलांच्या चित्रांवर.

सोमवारी आपण मुलांना घेऊन कॉरिडॉरमध्ये आलो. मला वाटलं होतं, मुलं खूश होतील. हॅना बॉबसमोर उभी राहिली. तिने बोटाने माझी रेघ गिरवली, पूर्ण गोल, एकदा, दोनदा. मग तुझ्याकडे वळून म्हणाली, "हाऊ विल बॉब ग्रो नाऊ?" आणि तिने डोळ्यांवर बाही ओढली. तिचं बघून आणखी तिघं-चौघं रडायला लागली. इशा रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

तू भिंतीजवळ गेलीस. माझ्या रेघेवरून तळवा फिरवलास. सहा वर्षांच्या मुलाची रेघ थांबत, थरथरत जाते, माझी एका दमात गेलेली होती. तुला कळायला किती वेळ लागला असेल?

"कोणीतरी दारं लावून घेतली वाटते," तू इंग्रजीत म्हणालीस. "नो प्रॉब्लेम. आपण उघडू."

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "मी ब्रश धुऊन आणते," आणि वर्गातल्या सिंककडे गेले. धुतलेलेच ब्रश होते. मी नळ सोडून कितीतरी वेळ उभी राहिले. परत आले तेव्हा मुलं शांत होती आणि एकेक जण काळ्या रंगाने आपापलं दार उघडत होता. हॅनाने मला एक ब्रश दिला आणि का कोण जाणे, माझ्या कमरेला मिठी मारली. डब्यातला काळा पहिल्यापेक्षा जरा फिका होता. ते ठिपके आजही दिसतात.

संध्याकाळी तू मला घरी सोडलंस. सिग्नलला थांबलो असताना समोर बघत विचारलंस, "शनिवारी काय केलं तू?"

"घरीच होते," मी म्हटलं. "लाँड्री केली."

"हं," तू म्हणालीस आणि वायपर लावलास. पाऊस नव्हता.

त्यानंतर चार वर्षं गेली. तू रोज भेटत होतीस, म्हणून सांगायची घाई नव्हती. मला वर्क परमिट मिळालं, दाताच्या दवाखान्यात नोकरी लागली, शाळेत जाणं कमी झालं. तुझं पोट दुखायला लागलं आणि ते साधं पोट दुखणं नाही हे कळेपर्यंत दिवाळी उलटून गेली. फेब्रुवारीत मी तुझ्याकडे आले ती ठरवूनच आले होते. तू खिडकीजवळच्या पलंगावर होतीस, हात इतका हलका झाला होता की धरायची भीती वाटली. मी मऊ भात भरवला. तू तीन घास खाल्लेस आणि म्हणालीस, "बोल न काहीतरी, माधे."

मी बोलले. इशाचं गणित, ऑफिसातली नवी बाई, ड्राइव्हवेवरचा बर्फ. तू ऐकत होतीस.

"अजून?" तू विचारलंस.

मी मंडळाच्या निवडणुकीचं सांगितलं.

"अजून?"

"अजून काही नाही. तू झोप आता." तू डोळे मिटलेस. मी वाटी विसळली आणि घरी आले. मरणाऱ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, असं म्हणत मी स्वतःलाच वाचवलं. त्यानंतर तू माझ्याशी पुरतं वाक्य बोलली नाहीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा प्रिन्सिपॉलबाईंचा फोन आला. ओपन हाउस जवळ आलंय, कॅफेटेरियाच्या ढकलगाड्या घासून भिंतीचा खालचा भाग खराब झालाय, जरा रंग लावून द्याल का? नाही म्हणायची ताकद नव्हती म्हणून हो म्हटलं. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर इशाला घेऊन गेले. ती आता दहा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते. ती डब्यातला काळा रंग काडीने ढवळत होती आणि मी ते फिके ठिपके बघत होते. तुला नाही, तर निदान तिला सांगावं असं वाटलं.

"इशा," मी म्हटलं, "त्या कोरूंची तोंडं कोणी बंद केली होती माहितीये? मी केली होती."

तिने ढवळणं थांबवलं नाही. "आय नो, आई. वी ऑल न्यू."

"म्हणजे?"

"मिसेस के टोल्ड अस. तू ब्रश धुवायला गेलेलीस ना, तेव्हा." मग तिने मला ते जसंच्या तसं सांगितलं, अर्धं तुझ्या आवाजात. तू म्हणे सगळ्यांना खाली बसवलंस आणि सांगितलंस: माधवीआंटीच्या घरी दार उघडं ठेवत नाहीत, आतली माणसं सेफ राहावीत म्हणून. तिचं तुमच्यावर प्रेम आहे, म्हणून तिने दारं लावली. तिला कोणी काही बोलायचं नाही. ती स्वतः सांगेल. शी विल टेल अस व्हेन शी'ज रेडी.

कुंदाताई, मला आधी तुझा राग आला. इतका, की हातातला ब्रश मी खाली ठेवला. बावीस मुलं, ज्यांना साधा पडलेला दातही तीन जणांना दाखवल्याशिवाय राहवत नसे, त्यांनी चार वर्षं हे पोटात ठेवलं. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर बसून माझ्या मुलीने ठेवलं. आणि मी वेडी समजत होते की गुपित माझं आहे. एकदा सरळ विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं? मग आठवलं की तू विचारलं होतंस. सिग्नलला एकदा. आणि खिडकीजवळच्या पलंगावर दोनदा.

"आणि हा तुझा आहे," इशा म्हणाली. पाणी प्यायच्या नळाच्या खाली, जिथे मोठ्या माणसाची नजर जात नाही, तिथे पट्टीच्या टोकाचा कोरू होता. मिटलेला. माझी रेघ जशीच्या तशी, एका दमात गेलेली. तो इशाचाच होता, भलत्या दिशेला वळलेला. "मी उघडणार होते, पण मिसेस के म्हणाली, लीव्ह दॅट वन. तो आईला उघडू दे."

मी खाली बसले. गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत. इशाने ब्रश काळ्यात बुडवला, डब्याच्या काठावर निथळला, जसं तू शिकवलं होतंस, आणि माझ्या हातात दिला. रेघ थांबत, थरथरत गेली. थोडा काळा रंग इशाच्या पांढऱ्यावरही सांडला, आणि तो मी पुसला नाही.

डबे उद्या भाऊजींकडे नेऊन देते. भांडण अजून बाकी आहे, माझे मुद्दे माझ्याजवळ आहेत. पण तू सिग्नलला विचारलं होतंस त्याचं उत्तर आधी देते. कुंदाताई, त्या शनिवारी मी घरी नव्हते. शाळेत होते.